नोकरीच्या ऑफरी तपासण्याचा धागा (इंदूर, देवास, पिथमपूर)

रामबागकर

इथे दर काही दिवसांनी कुणीतरी ऑफर लेटरचा फोटो टाकतं आणि खाली विचारतं, "खरं आहे का?" फोटोवरून हे कुणालाच सांगता येत नाही. लोगो, शिक्का, सही हे दहा मिनिटांत चिकटवता येतं. पूर्वी गचाळ इंग्रजी हा पक्का पुरावा असायचा. आता पत्र एआयकडून लिहून घेतात आणि ते खऱ्या एचआरच्या पत्रापेक्षा नीट असतं. म्हणून पत्र बाजूला ठेवा आणि खालच्या जागा तपासा. सगळ्या फुकट आहेत, अर्धा तास पुरतो.

कंपनी "प्रायव्हेट लिमिटेड" म्हणवत असेल तर तिला सीआयएन, म्हणजे कंपनीचा ओळख क्रमांक असतो, २१ अक्षरांचा. पहिलं अक्षर यू किंवा एल, म्हणजे शेअर बाजारात नसलेली किंवा असलेली. मग ५ आकडे धंद्याच्या प्रकाराचे, २ अक्षरं राज्याची, ४ आकडे नोंदणीच्या वर्षाचे, ३ अक्षरं कंपनीच्या प्रकाराची, शेवटचे ६ नोंदणी क्रमांकाचे. "२५ वर्षांचा अनुभव" सांगणाऱ्या कंपनीच्या सीआयएनमध्ये २०२४ दिसलं तर पुढचं वाचायची गरज नाही. एमसीएच्या (केंद्राचं कंपनी व्यवहार मंत्रालय) साइटवर मास्टर डेटामध्ये नाव टाकलं की नोंदणीचा पत्ता, ईमेल आणि स्थिती दिसते. "स्ट्राइक ऑफ" दिसलं तर कंपनी कागदावर संपलेली आहे. मध्य प्रदेशच्या कंपन्यांची नोंदणी ग्वाल्हेरच्या आरओसीकडे (कंपनी निबंधक) असते, तेव्हा तिथे "आरओसी ग्वाल्हेर" दिसलं म्हणून दचकू नका.

जीएसटी नंबर १५ अक्षरांचा. पहिले दोन आकडे राज्याचे, आपला २३. पुढची १० अक्षरं पॅनची. त्यामुळे जीएसटी नंबरातलं सहावं अक्षर बघा: सी असेल तर कंपनी, एफ असेल तर भागीदारी किंवा एलएलपी, पी असेल तर एकटा माणूस. "मल्टिनॅशनल" म्हणवणाऱ्याच्या नंबरात पी निघाला तर हसून सोडून द्या.

तिसरी जागा लोकांना माहीतच नसते. ईपीएफओच्या (पीएफ बघणारी सरकारी संघटना) साइटवर "एस्टॅब्लिशमेंट सर्च" आहे. कंपनीचं नाव टाका, पेमेंटचा तपशील उघडा. कुठल्या महिन्याचा पीएफ किती लोकांचा भरला ते दिसतं. २० किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला पीएफ लागू होतो. "आमच्या विजयनगर ऑफिसात ३०० जणांचा स्टाफ" असं सांगणाऱ्याचा पीएफ ४ जणांचा निघाला, किंवा नावच सापडलं नाही, तर काय ते समजा.

आता खरी मेख. हे सगळं बरोबर निघालं तरी ऑफर खरी ठरत नाही. भामटे खऱ्या कंपनीचाच सीआयएन छापतात. कंपनी आहे हे एक, तिने *तुम्हाला* बोलावलंय हे दुसरं. दुसऱ्यासाठी पत्रावरचा नंबर लावायचा नाही. कंपनीच्या मूळ साइटवरचा बोर्ड नंबर किंवा एमसीएवरचा ईमेल घ्या आणि विचारा: अमुक पद, अमुक तारीख, अमुक नावाचा एचआर, ही भरती तुमची आहे का?

---

स्नेहलतागंज_ताई

दादा, छोट्या फर्मचं काय? इथे राजवाड्याच्या आसपासची अर्धी दुकानं आणि ऑफिसं प्रोप्रायटरशिप आहेत. ती एमसीएवर दिसणार नाहीत.

---

रामबागकर

बरोबर ताई, नाही दिसणार. एलएलपी दिसते (तिचा नंबर वेगळा, ३ अक्षरं आणि ४ आकडे), पण प्रोप्रायटरशिप नाही. तिथे जीएसटी आणि गुमास्ता (दुकानाचा नोंदणी परवाना) बघायचा, आणि सरळ जाऊन दुकान बघायचं. छोट्या फर्मच्या बाबतीत एक सोय असते, ती गावात असते. जो "आधी पैसे, मग पत्ता" म्हणतो ती छोटी फर्म नव्हेच.

---

पलासिया_चौक

ईमेलबद्दल थोडं. पत्ता उजवीकडून वाचायची सवय लावा. ॲटच्या पुढचं नाव शेवटच्या डॉटपासून मागे वाचत जायचं. सरकारी असेल तर शेवट "गव्ह डॉट इन" किंवा "एनआयसी डॉट इन" असाच असतो, हे खाजगी माणसाला मिळत नाही. "एमपीगव्ह-भरती डॉट को डॉट इन" मात्र कुणीही काही शे रुपयांत घेऊ शकतो. कंपन्यांच्या नावामागे "करिअर्स", "एचआर", "जॉब्स", "इंडिया" जोडून हाच खेळ चालतो.

डोमेन, म्हणजे साइटचं नाव, किती जुनं आहे ते हूइज (डोमेनच्या नोंदणीची माहिती) तपासणीत दिसतं. "क्रिएशन डेट" महिन्याभरापूर्वीची आणि कंपनी १९९८ ची, हे जुळत नाही.

जीमेल कॉम्प्युटरवर उघडलं तर मेलच्या तीन टिंबांत "शो ओरिजिनल" आहे. वर एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क अशा तीन ओळी येतात. नाव मोठ्या कंपनीचं आणि "फेल" आलं तर पत्ता बनावट. पण उलट समजू नका. "पास" याचा अर्थ एवढाच की मेल त्या डोमेनवरून आला. डोमेनच नकली असेल तरी पास येतो. "रिप्लाय टू" मध्ये वेगळाच जीमेल पत्ता लपवलेला असतो, तोही तिथेच दिसतो.

आणि एक. "माझं नाव, कॉलेज, जुना पगार सगळं त्यांना माहीत होतं, मग खोटे कसे?" हा युक्तिवाद सोडा. जॉब पोर्टलवर टाकलेला बायोडेटा रिक्रूटर म्हणून खातं काढणाऱ्या कुणालाही मिळू शकतो.

---

भंवरकुआं४०४

भिया, पैशाचं नक्की काय धरायचं? "पैसे मागितले की फ्रॉड" सगळे म्हणतात. पण ईएसबीच्या (राज्याचं कर्मचारी निवड मंडळ) फॉर्मला पैसे लागतातच की. एमपी ऑनलाइनवाला पण पोर्टल फी घेतो.

---

रामबागकर

चांगला प्रश्न. परीक्षेची फी आणि नोकरीची फी यात गल्लत होते, तिचाच फायदा घेतात. परीक्षेची फी जाहिरातीच्या पीडीएफमध्ये छापलेली असते, प्रवर्गाप्रमाणे आधीच ठरलेली असते आणि *अर्ज करताना* सरकारी पोर्टलवरच भरली जाते. निवड झाल्यानंतर कुठलंही मंडळ पैसे मागत नाही. "फाइल पुढे सरकवायला", "कागदपत्र पडताळणीला", "जॉइनिंग किटला" हे शब्द निवडीनंतर आले की थांबायचं.

खाजगीत मागणीची नावं बदलत राहतात: रजिस्ट्रेशन, लॅपटॉपची सिक्युरिटी, ट्रेनिंग किट, बॅकग्राउंड व्हेरिफिकेशन, मुलाखतीचा गेटपास, पगार खातं उघडण्याची फी, "रिफंडेबल" डिपॉझिट. रक्कम मुद्दाम लहान असते, ९९९, १,८५०, २,४९९ अशी. एवढ्यासाठी कोण पोलिसात जाणार, हा हिशेब. मग पहिली भरली की दुसरी येते. बॅकग्राउंड व्हेरिफिकेशन खरं असतं, पण त्याचं बिल कंपनी भरते, उमेदवार नाही.

---

तिसरी_पाळी

पिथमपूरचं वेगळं चालतं, म्हणून लिहितो. तिथे मोठ्या कारखान्यांची बरीच माणसं ठेकेदारामार्फत लागतात, त्यामुळे मधला माणूस असणं संशयाचं नाही. जाहिरात असते "सेक्टर ३ मध्ये पॅकिंग हेल्पर, १२ तास, राहणं-जेवण फ्री, आजच जॉइनिंग". एखाद्या बसस्टॉपवर बोलावतात, युनिफॉर्म, सेफ्टी शूज, मेडिकल आणि गेटपास मिळून दीड-दोन हजार घेतात, एक चिठ्ठी देतात आणि अमुक कारखान्याच्या गेटवर पाठवतात. गेटवर त्या नावाला कुणी ओळखत नाही.

तपासायचं असं. पैसे देण्याआधी गेटवर जाऊन टाइम ऑफिसला विचारा, सिक्युरिटीला नाही. कुठल्या ठेकेदारांची माणसं आत आहेत हे टाइम ऑफिसला माहीत असतं, कारण हजेरी तेच लावतात. ठेकेदाराला पीएफ कोड आणि ईएसआयचा १७ आकडी कोड विचारा. खरा असेल तर सांगेल, थोडा वैतागून का होईना. शूजचे पैसे काही ठेकेदार पहिल्या पगारातून कापतात. ते योग्य की अयोग्य हा वेगळा वाद, पण आधी रोख मागणारा आणि पगारातून कापणारा, दोघे एक नव्हेत.

राहण्याच्या खोलीवर नेऊन मूळ मार्कशीट आणि आधार ठेवून घेणारेही आहेत. मूळ कागद दाखवायचा, द्यायचा नाही. झेरॉक्सवर तारीख आणि "फक्त अमुक ठेकेदाराकडील नोकरीसाठी" असं आडवं लिहून सही करा.

---

वकिली_चष्मा

तिसरी_पाळी यांच्या मुद्द्याला जोड. पिथमपूर धार जिल्ह्यात येतं. त्यामुळे "पैसे इंदुरात दिले, गेट पिथमपूरचं, तक्रार कुठे?" असा गोंधळ होतो. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे हद्द कुठलीही असो, कुठल्याही ठाण्यात एफआयआर नोंदवता येते. तिलाच झिरो एफआयआर म्हणतात. ऑनलाइन माहिती दिली तर ३ दिवसांत ठाण्यात जाऊन सही करावी लागते. "आमच्या हद्दीत नाही" हे उत्तर ऐकून परत येऊ नका.

---

स्नेहलतागंज_ताई

घरबसल्या कामाबद्दल कुणी सविस्तर लिहाल का? बायकांच्या ग्रुपांत सगळ्यात जास्त तेच फिरतं. व्हिडिओ लाइक करा, हॉटेलला रिव्ह्यू द्या, टायपिंग करा.

---

पलासिया_चौक

ताई, ही दोन वेगळी जाळी आहेत.

पहिलं लाइक-रिव्ह्यूचं. व्हॉट्सॲपवर मेसेज, मग टेलिग्रामवर नेतात. पहिल्या तीन-चार कामांचे १५०-२०० रुपये खरंच खात्यात येतात. हा त्यांचा जाहिरातखर्च. मग ग्रुपमध्ये घेतात, तिथे पन्नास जण रोज नफ्याचे स्क्रीनशॉट टाकत असतात. ते बहुतेक एकाच टोळीचे नंबर. मग "प्रीपेड टास्क" येतो: १,००० भरा, १,३०० मिळतील. मिळतातही. पुढचा ५,०००, मग ३०,०००. मोठी रक्कम भरली की ॲपमध्ये आकडा दिसतो पण निघत नाही. कारण प्रत्येक वेळी नवं: "टास्कमध्ये चूक झाली, क्रेडिट स्कोअर घसरला, तो वाढवायला अमुक भरा", "३० टक्के टॅक्स आधी भरा". इथे एक सरळ नियम आठवा. टीडीएस मिळणाऱ्या पैशातून कापला जातो. कामाचे पैसे देण्याआधी टॅक्स स्वतःकडे वेगळा भरायला लावण्याचा हक्क कुठल्याच कंपनीला नाही. ॲपमध्ये दिसणारा शिल्लक आकडा हा फक्त स्क्रीनवर टाइप केलेला आकडा असतो, त्यामागे पैसे नसतात. तो सोडवण्यासाठी पुन्हा पैसे टाकणं म्हणजे नुकसान दुप्पट करणं.

पैसे ज्या खात्यांत भरायला लावतात ती दर वेळी वेगवेगळ्या व्यक्तींची असतात. कंपनी आपले पैसे कुणा भलत्याच माणसाच्या बचत खात्यात का घेईल? यूपीआयवर पिन टाकण्याआधी समोरच्याचं बँकेतलं नाव येतं, ते वाचत चला.

दुसरं टायपिंगचं, ते वकीलसाहेबांनी लिहावं. त्यात तांत्रिक काही नाही, नुसती धमकी आहे.

---

वकिली_चष्मा

लिहितो. डेटा एन्ट्रीच्या जाळ्यात पैसे आधी मागत नाहीत, म्हणून हुशार माणसंही अडकतात. करार ऑनलाइन पाठवतात, सही आणि आधार घेतात. ५ दिवसांत ६००-१,००० फॉर्म भरायचे, अचूकता ९५ किंवा ९८ टक्के हवी. स्कॅन मुद्दाम अस्पष्ट, सॉफ्टवेअर त्यांचं, मोजणारेही तेच. निकाल नेहमी दोन-चार टक्के कमी येतो. मग "लीगल डिपार्टमेंट" चा फोन: करारभंग झाला, साइटचा खर्च ५-७ हजार आजच्या आज भरा, नाहीतर कोर्ट केस, घरी पोलीस.

आता कायदा काय म्हणतो ते. कराराचा भंग हा दिवाणी विषय आहे, त्यासाठी पोलीस कुणाला उचलत नाहीत. भारतीय करार कायदा १८७२, कलम ७४ प्रमाणे करारात दंडाची रक्कम लिहिली असली तरी कोर्ट वाजवी भरपाईच देतं, आणि ती लिहिलेल्या रकमेच्या वर जात नाही. तुमच्या खराब टायपिंगने त्यांचं नुकसान काय झालं हे त्यांनी कोर्टात सांगायचं. ते कोर्टात येतच नाहीत, कारण कोर्टात नाव-पत्ता द्यावा लागतो.

व्हॉट्सॲपवर आलेलं "समन्स" कसं तपासायचं? आता कोर्टाला इलेक्ट्रॉनिक पद्धतीने समन्स पाठवता येतं, त्यामुळे "व्हॉट्सॲपवर आलं म्हणजे खोटं" एवढं म्हणून भागत नाही. पण खऱ्या प्रकरणाला सीएनआर नंबर असतो, १६ अक्षरांचा. ई-कोर्ट्सच्या साइटवर तो टाका. प्रकरण नसेल तर कागद रद्दी. नोटिशीवर वकिलाचा नोंदणी क्रमांक नसेल तर ती नोटीस कुणी लिहिली हेच कळत नाही. असेल तर त्या राज्याच्या बार कौन्सिलकडे विचारता येतो, आपली जबलपूरला आहे. स्टॅम्प पेपरचा फोटो बघून घाबरायचं काही नाही. शंभर-दोनशेचा स्टॅम्प कुणीही घेतो.

फोन आल्यावर वाद घालू नका. "जे असेल ते लेखी, कोर्टामार्फत पाठवा" एवढं बोलून ठेवा. नंबर ब्लॉक करण्याआधी चॅट एक्स्पोर्ट करून ठेवा.

---

भंवरकुआं४०४

हे ९८ टक्केवालं प्रकरण भंवरकुआंच्या हॉस्टेलांत जोरात आहे. आणि अजून एक, "ऑफिस जॉब, बारावी पास, २५ हजार, फ्रेशर चालेल". गेल्यावर कळतं की आधी ट्रेनिंगचे पैसे, मग अजून दोन मित्र आणा.

---

रामबागकर

ते साखळीचं काम, नोकरी नाही. ओळखायची खूण अशी की मुलाखतीत कामाबद्दल काहीच विचारत नाहीत. एक्सेल येतं का, टायपिंग किती, काही नाही. त्याऐवजी स्वप्नं काय, गाडी कुठली हवी, घरी किती जण आहेत. ग्राहक संरक्षण (थेट विक्री) नियम २०२१ मध्ये पिरॅमिड योजनांना बंदी आहे, आणि पैसे फिरवण्याच्या योजनांवर १९७८ पासून वेगळा कायदा आहे. त्यामुळे "आम्ही सरकारमान्य" म्हणून कंपनी नोंदणीचं प्रमाणपत्र भिंतीवर टांगतात. नोंदणी म्हणजे परवानगी नव्हे. उत्पन्न माल विकून येतं की नवीन माणसं जोडून, एवढंच विचारा.

---

तिसरी_पाळी

प्लेसमेंट कन्सल्टन्सीबद्दल माझं मत वेगळं आहे. सगळ्यांना एका माळेत ओवू नका. एमजी रोडला, पलासियाला छोट्या एजन्सी आहेत ज्या जॉइनिंगनंतर १५ दिवसांचा पगार घेतात. काम लावून देतात.

---

रामबागकर

पूर्ण सहमत नाही. रीतसर कन्सल्टन्सी आपली फी कंपनीकडून घेते, साधारण वार्षिक पगाराच्या ८.३३ टक्के, म्हणजे एका महिन्याचा पगार. दोन्हीकडून घेणारी एजन्सी कुणाचं भलं बघते हा प्रश्न उरतोच. तरी फसवणूक आणि महाग सेवा यांत फरक आहे हे मान्य. तेव्हा असं धरू: पहिला पगार खात्यात आल्यावर, फर्मच्या खात्यात, पावती घेऊन दिलेले पैसे हा सौदा. जॉइनिंगआधी दिलेला एक रुपयाही जुगार. आणि आधी कंपनीला विचारा की ही एजन्सी तुमच्यासाठी माणसं शोधते का.

---

तिसरी_पाळी

हे चालेल.

---

परदेशी_पाखरू

परदेशातल्या नोकऱ्यांवर कुणी लिहिलं नाही, म्हणून घाई करतो.

एजंटला परवाना लागतो, एमिग्रेशन कायदा १९८३ खाली. सरकारच्या ई-मायग्रेट साइटवर एजंटचं नाव किंवा परवाना क्रमांक टाका. "ॲक्टिव्ह" हवा, आणि पत्ता तोच हवा जिथे तुम्ही बसला आहात. "आमची मुंबईच्या लायसनवाल्याची इंदूर शाखा" हे सर्रास सांगतात. शाखा परवान्यावर नोंदलेली असावी लागते, नाहीतर तो नुसता दलाल. एजंट उमेदवाराकडून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावर जीएसटी घेऊ शकतो, पावतीसह. दीड लाख, दोन लाख मागणारा तिथेच नियमाबाहेर गेला.

दहावी पास नसलेल्यांच्या पासपोर्टवर ईसीआरचा (परदेशी कामाला जाताना मंजुरी आवश्यक) शेरा असतो. असे लोक ठरलेल्या १८ देशांत कामाला जाताना सरकारी मंजुरी घेऊनच जातात, म्हणजे निदान एकदा कागद तपासले जातात. दहावी पास किंवा त्यापुढे शिकलेल्यांना ती मंजुरी लागत नाही. म्हणून थायलंड, कंबोडिया, लाओस, म्यानमारच्या "डिजिटल मार्केटिंग", "डेटा एन्ट्री", "कस्टमर सपोर्ट" च्या जाळ्यात शिकलेली, कॉम्प्युटर येणारी मुलं अडकतात. बँकॉकला टुरिस्ट म्हणून उतरवायचं, रस्त्याने म्यानमारच्या म्यावडीला किंवा लाओसच्या गोल्डन ट्रँगलला न्यायचं, पासपोर्ट काढून घ्यायचा आणि दुसऱ्यांना फसवायच्या कामाला बसवायचं. परराष्ट्र मंत्रालय २०२२ पासून याबद्दल सूचना काढतंय.

तेव्हा व्हिसावरचा प्रकार वाचा. टुरिस्ट किंवा व्हिसा ऑन अरायव्हलवर नोकरी करता येत नाही, "तिकडे गेल्यावर बदलून देऊ" हे वाक्य ऐकलं की उठायचं. नोकरीचं शहर आणि तिकिटाचं शहर एक आहे का बघा. टायपिंग टेस्ट आणि फोटो एवढ्यावर महिना लाखभर पगार कुठलीच कंपनी देत नाही.

---

भंवरकुआं४०४

रेल्वे आणि एअरपोर्टच्या "सेटिंग" बद्दल पण लिहा ना. "मंत्रालयात माणूस आहे, व्हीआयपी कोटा" वगैरे.

---

वकिली_चष्मा

डिसेंबर २०२२ मधलं दिल्लीचं प्रकरण वाचा. तामिळनाडूतल्या २८ तरुणांकडून मिळून २ कोटी ६७ लाख रुपये घेतले आणि "ट्रेनिंग" म्हणून नवी दिल्ली स्टेशनवर महिनाभर रोज आठ तास येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या आणि डबे मोजायला लावले. ओळखपत्रं, ट्रेनिंगचे आदेश, सगळं नकली. म्हणजे कामाला बसवलं म्हणून नोकरी खरी असं नव्हे.

रेल्वेची भरती आरआरबी आणि आरआरसी या तिच्या भरती मंडळांच्या जाहिरातीतूनच होते. जाहिरात क्रमांक असतो, रोल नंबर असतो, निकालाची यादी असते. या तिन्हींत नाव नसताना आलेलं नियुक्तिपत्र म्हणजे कोरा कागद. एअरपोर्टलाही तेच. एअरपोर्ट्स ऑथॉरिटीची भरती तिच्या स्वतःच्या साइटवर, आणि "ग्राउंड स्टाफ, थेट भरती, युनिफॉर्म फी" वाली जाहिरात कुठल्यातरी जीमेल पत्त्यावर संपते. राज्यातलं असेल तर ईएसबी किंवा एमपीपीएससी (राज्याचा लोकसेवा आयोग). आयोग तर आपल्याच गावात, इंदूरच्या रेसिडेन्सी भागात आहे. शंका असेल तर जाऊन विचारता येतं.

"सेटिंग" ला पैसे देणाऱ्यांसाठी कडवट भाग. केंद्राचा सार्वजनिक परीक्षा (अनुचित मार्ग प्रतिबंध) कायदा २०२४ जून २०२४ पासून लागू आहे. खोटी साइट, खोटं प्रवेशपत्र, खोटं नियुक्तिपत्र हे सगळं त्यात येतं, शिक्षा ३ ते ५ वर्षं. नोकरी मिळवण्यासाठी लाच म्हणून पैसे दिले असं तक्रारीत लिहिताना आपणही प्रश्नांच्या घेऱ्यात येतो, आणि व्यापमच्या भरती घोटाळ्यानंतर मध्य प्रदेशात हे कुणाला वेगळं सांगायला नको. दलाल याच भीतीवर निर्धास्त असतो.

---

पलासिया_चौक

एक धोक्याची "नोकरी" राहिली. "पेमेंट कलेक्शन एजंट, काम काही नाही, तुमच्या खात्यात पैसे येतील, २ टक्के ठेवून बाकी पुढे पाठवा." किंवा पासबुक, एटीएम कार्ड आणि सिमचं किट द्या, महिना १० हजार. ते पैसे दुसऱ्या कुणाला फसवून आलेले असतात. तक्रार झाली की पहिलं खातं तुमचं सापडतं, ते गोठतं आणि पोलीस तुमच्याकडे येतात. "मला माहीत नव्हतं" हे सिद्ध करायला वर्षं जातात. बाकीच्या जाळ्यांत पैसे जातात, यात माणूस आरोपी होतो.

मुलाखतीच्या निमित्ताने एपीके फाइल (प्ले स्टोअरबाहेरून ॲप टाकायची फाइल) किंवा स्क्रीन शेअरिंगचं ॲप टाकायला सांगितलं तर मुलाखत तिथेच संपवा. एसएमएस वाचायची परवानगी दिली की ओटीपी त्यांच्याकडे.

---

स्नेहलतागंज_ताई

पैसे गेलेच असतील तर पहिलं काय करायचं? क्रम सांगा म्हणजे ग्रुपवर टाकते.

---

पलासिया_चौक

१९३० लावा, ही सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन. आधी बँकेत जाऊ, मग घरच्यांना विचारू, असं नाही. पैसे एका खात्यातून दुसऱ्या, तिसऱ्यात पळत असतात. तक्रार वेळेत गेली तर ज्या खात्यात पोचले तिथे ते रोखून धरता येतात. हातात हे ठेवा: रक्कम, वेळ, तुमचं खातं, ज्या खात्यात किंवा यूपीआय आयडीवर गेले ते, आणि व्यवहार क्रमांक. यूपीआय आणि आयएमपीएसचा १२ आकडी असतो, एनईएफटीचा १६ अक्षर-आकड्यांचा. स्क्रीनशॉटमध्ये बऱ्याचदा ॲपचा स्वतःचा आयडी दिसतो, तो वेगळा. बँकेचा "यूटीआर" शोधा. लाइन लागली नाही तर सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन वर भरा. पोचपावतीचा नंबर मिळाला की बँकेला त्या नंबरासह लेखी कळवा.

बँकेकडून काय अपेक्षा ठेवायची हेही स्पष्ट हवं. रिझर्व्ह बँकेचं २०१७ चं परिपत्रक, ३ कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर ग्राहकाची जबाबदारी शून्य, हे *तुमच्या परवानगीशिवाय* झालेल्या व्यवहारांसाठी आहे. तुम्ही स्वतः पिन टाकून भरलेले पैसे त्यात सहसा बसत नाहीत. म्हणून १९३० ची घाई जास्त महत्त्वाची.

पैसे गेलेले नसून नुसता संशयास्पद फोन किंवा मेसेज आला असेल तर दूरसंचार विभागाच्या संचार साथी साइटवर "चक्षू" मध्ये नोंदवा.

---

वकिली_चष्मा

रोखलेले पैसे आपोआप परत येत नाहीत. बऱ्याचदा कोर्टाचा आदेश लागतो, नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५०३ खाली अर्ज करावा लागतो. ठाण्यातून रोखलेल्या रकमेचा तपशील घ्या, कुठल्या बँकेत, किती. कलमं लिहायची तर फसवणुकीचं भारतीय न्याय संहिता ३१८(४) आणि आयटी कायद्याचं ६६डी.

आणि तक्रार केल्यावर आठ-पंधरा दिवसांत "सायबर सेलमधून बोलतोय, तुमचे पैसे सापडले, प्रोसेसिंग फी भरा" असा फोन येऊ शकतो. तीच टोळी असते किंवा तिने यादी विकलेली असते. पोलीस पैसे परत करायला फी घेत नाहीत.

---

स्नेहलतागंज_ताई

पैसे नाही दिले, पण आधार, पॅन, फोटो, कॅन्सल्ड चेक पाठवून झालाय, अशांनी?

---

पलासिया_चौक

एमआधारमध्ये बायोमेट्रिक लॉक करा, दोन मिनिटांचं काम. संचार साथीवर आपल्या नावावर किती सिम चालू आहेत ते दिसतं. ओळखीचं नसेल ते तिथूनच "माझं नाही" म्हणून कळवा. क्रेडिट रिपोर्ट वर्षातून एकदा प्रत्येक ब्युरोकडून फुकट मिळतो. आत्ता एक काढा आणि तीन महिन्यांनी दुसऱ्या ब्युरोचा, कारण पॅनवर घेतलेलं ॲपचं कर्ज लगेच दिसत नाही. कॅन्सल्ड चेकमधून पैसे निघत नाहीत, पण खाते क्रमांक आणि सहीचा नमुना गेला. चेकबुक फारसं लागत नसेल तर बँकेला सांगून त्या मालिकेतले उरलेले चेक थांबवून टाका. पुढच्या वेळी मास्क्ड आधार पाठवा, त्यात शेवटचे ४ आकडेच दिसतात.

---

रामबागकर

ताई, ग्रुपवर टाकताना १९३० आणि साइटचं नाव सगळ्यात वर टाका. लांब मेसेजच्या तळाशी कुणी पोचत नाही. इथे यापुढे ऑफर लेटरचा फोटो टाकणाऱ्यांनी सोबत तीन गोष्टी लिहाव्यात: सीआयएन किंवा जीएसटी नंबर, मेलचा पूर्ण पत्ता, आणि आत्तापर्यंत किती पैसे कुठल्या नावाने मागितले. स्वतःचा आधार, मोबाइल आणि सही झाकून मगच फोटो टाका.

---

भंवरकुआं४०४

भिया, क्यूआर कोड पण झाका. गेल्या पानावरच्या एका लेटरवर तो उघडा दिसतोय आणि स्कॅनही होतोय.

---

रामबागकर

काढला तो फोटो. ज्यांनी टाकला होता त्यांनी कोड झाकून पुन्हा टाकावा, आणि खाली मेलचा पत्ता द्यावा.